वाळवी परत आली, औषधवाला फोन उचलत नाही? तक्रार अशी करा

कराड, वाळवा, शिराळा पट्ट्यात जुन्या घरांच्या चौकटींना वाळवी नवीन नाही. मोटरसायकलवर पंप बांधून येणारा "पाच वर्षं बघायला नको" म्हणतो, पैसे घेतो आणि जातो. बिल नसेल तर पुढं आपलंच तोंड बंद.

म्हणून आधी परवाना बघा. पैसे घेऊन घरात कीटकनाशक मारायला कीटकनाशक कायदा १९६८ खाली परवाना लागतो. बिलावर औषधाचं नाव, प्रमाण आणि गॅरंटीची मुदत लिहून घ्या. बांधलेल्या घरात भिंतीच्या कडेनं साधारण एक-एक फुटावर भोकं पाडून औषध जमिनीत सोडतात. नुसतं वरून शिंपडलं तर वारूळ खाली तसंच राहतं.

वाळवी परत दिसली की फोटो काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी कळवा, म्हणजे तारीख राहते. हा धंदा करणाऱ्या आपल्या पोरांनाही सांगणं आहे, फोन टाळू नका. दोन दिवसांत जाऊन बघून आलं तरी बरंच भांडण तिथंच मिटतं.

नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर आपण राहतो त्या जिल्ह्याचा, म्हणजे सातारा किंवा सांगलीचा ग्राहक आयोग. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. कामाचे दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी लागत नाही.

साप निघाला तर मात्र औषधवाल्याला बोलवू नका. वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.