पांढरी रेघ
१९८७ साली आमच्या गावात टीव्ही एकच, ब्लॅक अँड व्हाईट, तोही आमच्या ओसरीवर. २५ जानेवारीला दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं आणि रविवारी सकाळी अंगणसुद्धा पुरेना. बायाबापड्या टीव्हीला हळदकुंकू वाहायच्या.

एका शनिवारी रात्री चित्र मिटलं. आवाज येत होता, पण पडद्याच्या मधोमध फक्त एक आडवी पांढरी रेघ. जरा आधी बटणांशी मीच खेळलो होतो. "कार्ट्या, तूच मोडलास," वडील कडाडले. रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

पहाटे रेडिओ दुरुस्त करणारे तात्या सायकलवर आले. रेघ बघूनच म्हणाले, "पिक्चर ट्यूब शाबूत हाय. चित्र वरखाली पसरवणारा भाग बसलाय." वायर काढून त्यांनी मागचं झाकण उघडलं. एक कंडेन्सर सोडवला, त्यातला उरलासुरला करंट उतरवला आणि मीटर लावला. "चांगला असला तर काटा झेप घेतो अन् हळूहळू माघारी येतो." काटा जागचा हलला नाही. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच व्होल्टचा दुसरा त्यांनी जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधून काढला आणि प्लस-मायनस बघून डागला.

रेघ फुलली, चित्र उभं राहिलं.

"दादा, पोराचा दोष न्हाई. ह्यो आतनं सुकलाय," तात्या म्हणाले. वडील काही बोलले नाहीत. पण त्या रविवारी त्यांनी मला सगळ्यांच्या पुढं बसवलं.

३१ जुलै १९८८ला ते 'रामायण' संपलं. तो सुकलेला कंडेन्सर मात्र अजून माझ्या डबीत आहे.