रोशा गवताचा सुगंध आणि त्याचे नाव



वसंतातील व्याख्यानात सुगंधाचा विषय निघाला, तर वक्ता मोगऱ्याविषयी किंवा गुलाबाविषयी बोलेल, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज आपणांपुढे गवताचा विषय मांडणार आहे. गवत म्हटले की आपल्यापुढे गुरांची वैरण उभी राहते. परंतु आपल्या देशात अशी काही गवते आहेत की, ज्यांच्या पात्यांत किंवा मुळांत उत्तम सुगंधी तेल साठलेले असते. त्यांतील दोन आपल्या नित्य परिचयाची आहेत. पहिला गवती चहा. परसात त्याचा एखादा झुबका नाही असे जुने घर क्वचितच सापडेल. दुसरा वाळा. उन्हाळ्यात माठातल्या पाण्याला त्याचा वास येतो, आणि खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारले म्हणजे घर थंड होते. तिसरे गवत रोशा. वऱ्हाड-निमाडकडे याला तिखाडी म्हणतात. हे आपल्या खानदेशातले, सातपुड्याच्या उतारांवर वाढणारे. पण ज्याने इतका लांबचा प्रवास केला आणि जगाच्या बाजारात पैसा फिरवला, तेच या तिघांत आपणांस सर्वांत कमी ठाऊक आहे. असे का झाले, हा आजचा प्रश्न आहे.

या गवतांची ओळख आपल्या पूर्वजांना नव्हती असे मुळीच नाही. अमरकोशात ‘रौहिष’ हे गवताचे नाव आहे, आणि त्याच गवताला तेथे ‘सौगंधिक’ असेही म्हटले आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत ‘गंधयुक्ति’ नावाचे एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले. सोळा द्रव्ये घेऊन, त्यांची प्रमाणे बदलत गेल्यास किती गंध तयार होतील, याचा हिशेब त्यात आहे. आणि तो आकडा १,७४,७२० असा दिला आहे. ग्रहांचे गणित करणारा ज्योतिषी सुगंधाचेही गणित मांडतो, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. त्या सोळा द्रव्यांत चंदन, अगरू, कापूर यांच्या पंक्तीला उशीर, म्हणजे आपला वाळा, बसलेला आहे.

आता थोडा वेळ इतिहास बाजूस ठेवून आपण आपल्या मनगटाकडे वळू. कारण पुढची सारी हकीकत समजण्यासाठी सुगंधी तेल अंगावर कसे वागते, हे आधी समजून घेतले पाहिजे. या तिन्ही गवतांची तेले थोड्या तिळाच्या तेलात मिसळून मनगटाच्या आतल्या बाजूस लावली आहेत, अशी कल्पना करा. मिसळून म्हणण्याचे कारण असे की, गवती चहाचे निखळ तेल कित्येकांच्या कातडीला सोसत नाही; आग होते, पुरळ उठते.

पहिल्या घटकेला जो वास येतो तो लिंबाचा. पण तो लिंबाच्या रसाचा नव्हे, सालीचा; आणि त्यात ताजे पाते चुरगळल्याचा हिरवा, किंचित आल्यासारखा तिखटपणा असतो. हा गवती चहा. त्याचा पहिला जोर मोठा असतो, इतका की बाकीचे दोघे तेथे आहेत याची शंकासुद्धा येत नाही. काही वेळाने हा तिखटपणा बोथट होऊ लागतो, आणि त्याच्या आडून गुलाबासारखे काहीतरी डोकावते. गुलाबच म्हणावा, तर त्यात गुलाबाचा मधाळ गोडवा नसतो. उन्हात वाळलेल्या गवताची एक कोरडी झाक असते. हा रोशा. पुढे काही तासांनी गुलाबही विरतो आणि मनगटावर उरतो तो ओल्या मातीचा, मुळांचा, गार माठाचा वास. वाळ्याची पाळी ही अशी शेवटी येते. दुसऱ्या दिवशी सदऱ्याच्या बाहीला जो वास राहतो, तो त्याचाच.

हे का होते? सुगंधी तेल हा एक पदार्थ नसतो, अनेक पदार्थांचा तो मेळावा असतो. हलके पदार्थ आधी उडून जातात, जड मागे राहतात. आणि अंगाची ऊब ही त्यांना उडवणारी मंद शेगडी होय. लिंबाच्या सालीतला मुख्य पदार्थ फारच हलका, म्हणून खऱ्या लिंबाचा वास हातावर टिकत नाही. गवती चहात सिट्राल नावाचा पदार्थ भरपूर असतो. तो त्या मानाने धीराचा, म्हणून हे गवत खऱ्या लिंबापेक्षा अधिक काळ लिंबासारखे वासते. रोशातील मुख्य पदार्थ जिरॅनिऑल. मौज अशी की, सिट्राल आणि जिरॅनिऑल यांच्या अणुरचनेत अंतर आहे ते केवळ दोन हायड्रोजन अणूंचे. तेवढे दोन अणू कमी झाले तर लिंबू, वाढले तर गुलाब! वाळ्याच्या तेलातील पदार्थ मात्र दीडपट मोठ्या सांगाड्याचे. ते जागचे लवकर हलत नाहीत. विल्यम पाउचर या इंग्रज सुगंधशास्त्रज्ञाने तीनशेहून अधिक द्रव्ये किती काळ वास देतात हे तपासून, त्यांना एकपासून शंभरपर्यंत क्रमांक देणारे कोष्टक १९५५ साली प्रसिद्ध केले. पण अत्तराचा पारखी गंधी हे कोष्टकाविना जाणत होता. तो हाताच्या पाठीवर फाया लावतो आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, ‘जरा फिरून या.’ कारण पहिला वास हा तेलाचा दर्शनी चेहरा असतो; त्याचा स्वभाव कळायला वेळ द्यावा लागतो.

एवढे ध्यानात ठेवून आता आपण खानदेशात जाऊ. पावसाळा सरला की सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या उतारांवर रोशा फुलोऱ्यावर येई. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या खानदेश खंडात या तेलाच्या धंद्याची नोंद आहे. पिंपळनेर, नंदुरबार, शहादे, तळोदे ही त्याची ठिकाणे. ओढ्याकाठी भट्टी घालावयाची. मोठ्या भांड्यात गवत आणि पाणी भरून तोंड लिंपून टाकावयाचे. बांबूच्या नळीतून वाफ काढून ती ओढ्याच्या गार पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या भांड्यात उतरवावयाची. पाणी खाली राहते आणि तेल वर तरंगते. शंभर किलो गवतामागे अर्धा किलो तेल निघाले तरी पुष्कळ. यात पुन्हा मोतिया आणि सोफिया असे दोन भेद. मोतियाचे तेल गुलाबाच्या जवळचे, सोफियाचे उग्र आणि हलक्या भावाचे. दोन्ही गवते दिसायला इतकी सारखी की, ही एकाच गवताची दोन वये असावीत असे पुष्कळ काळ मानले जाई. डोळ्यांना न कळणारा भेद नाकाला कळे.

हे तेल मुंबईस येई, आणि तेथून तांबड्या समुद्राच्या वाटेने कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला जाई. तुर्क व्यापारी त्याला ‘इद्रिस यागी’ म्हणत. तेथे ते लिंबाच्या रसाबरोबर घुसळून धुवत आणि उन्हात ठेवून त्याचा रंग उतरवीत. ही सारी खटपट कशासाठी? तर गुलाबासाठी. बाल्कन पर्वताच्या पायथ्याशी कझानलिक नावाचे गाव आहे. आज ते बल्गेरियात आहे; १८७८ पर्यंत तेथे तुर्कांचा अंमल होता. या खोऱ्यातील गुलाबतेल साऱ्या युरोपात नावाजलेले. एक किलो गुलाबतेलास तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. एक किलो रोशातेलास दोन-अडीचशे किलो रानगवत पुरते. आणि गुलाबाच्या सुगंधात जो जिरॅनिऑल असतो, तोच रोशात मुबलक. व्यापाऱ्याच्या डोक्यात पुढचा विचार काय आला असेल, हे सांगावयास नको. कित्येक जण तर भट्टीत घालण्यापूर्वी पाकळ्यांवरच हे तेल शिंपडीत, म्हणजे मिसळ बेमालूम होई.

यावर उपायही निघाले. खरे गुलाबतेल थंडीत गोठते, कारण त्यात मेणासारखा अंश असतो. रोशा मिसळला की ते लवकर गोठत नाही. मग भेसळ करणाऱ्यांनी देवमाशाच्या डोक्यातले मेण घालून तीही कसोटी चुकवली. चोरावर मोर झाले! अशा या बाजारात आमच्या गवताच्या तेलाला युरोपात नाव मिळाले ते ‘तुर्की जिरॅनियम तेल’. तुर्कस्तानात ते पिकत नव्हते आणि जिरॅनियमशी त्याचा संबंध नव्हता. त्रावणकोरच्या डोंगरातील लिंबूगवताच्या तेलाचीही गत तीच. कोचीनहून जहाज सुटे म्हणून ते ‘कोचीन तेल’ झाले. माल जेथे निघाला त्या गावाचे नाव नाही; ज्या हातून तो शेवटी गेला, त्या हाताचे नाव!

शास्त्रज्ञांनी तरी न्याय केला काय? टिपू सुलतानाशी झालेल्या १७९०-९२ च्या युद्धात क्लॉड मार्टिन हा फ्रेंच वंशाचा सेनाधिकारी कंपनीच्या फौजेबरोबर दख्खनच्या बालाघाटी मुलखात होता. गुरे हे गवत हावरेपणाने खातात आणि मग त्यांच्या दुधाला व लोण्याला त्याचा वास लागतो, हे त्याच्या ध्यानी आले. त्याने बी गोळा करून लखनौला नेऊन लावले. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग याने या गवताच्या शास्त्रीय नावात ‘मार्टिनी’ हा शब्द घातला, तो आजही आहे. पुढे १८७१ साली जर्मन रसायनज्ञ याकोबसेन याने याच तेलातून त्यातील मुख्य पदार्थ वेगळा केला. त्या वेळी युरोपात हे तेल ‘हिंदी जिरॅनियम तेल’ या नावानेही विकले जाई, म्हणून पदार्थाचे नाव पडले जिरॅनिऑल. म्हणजे आमच्या गवतातून निघालेल्या पदार्थाला दुसऱ्याच झाडाचे नाव मिळाले, आणि आज सुगंधशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात ते तसेच छापलेले असते.

मार्टिनने निरीक्षण केले, याकोबसेनने कष्ट केले. त्यांचा मान हिरावण्याचे कारण नाही. परंतु मोतिया कोणता आणि सोफिया कोणता, हे निव्वळ वासावरून ओळखून ज्यांनी गवत कापले, ओढ्याकाठी रात्री जागून ज्यांनी भट्टीची आंच सांभाळली, त्यांचे ज्ञान शास्त्राहून जुने होते. त्यांपैकी एकाचेही नाव या तेलाला चिकटलेले नाही. त्यांच्या वाट्याला आले ते काय? गवत सरकारी जंगलातले. वऱ्हाड-मध्यप्रांतात तर जंगलखाते ते कापण्याचे मक्तेच देई. आणि व्यापाराच्या पुस्तकांत या तेलापुढे वर्षानुवर्षे एकच शेरा : गुलाबतेलात भेसळ करण्याचे द्रव्य.

या शेऱ्याविषयी मला दोन शब्द बोलावयाचे आहेत. भेसळ हा कोणत्याही पदार्थाचा गुण नव्हे. तो माणसाचा व्यवहार आहे. दुधात पाणी घातले म्हणून पाणी भेसळखोर ठरत नाही. रोशाचे तेल रोशा म्हणून विकले असते तर त्यात खोटे काहीच नव्हते. खोटी होती ती बाटलीवरची चिठ्ठी. पण बदनामी झाली गवताची, आणि नफा गेला चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे. आपल्या देशाच्या व्यापाराचा इतिहास चाळला, तर अशी चिठ्ठी बदललेली बाटली पुष्कळ ठिकाणी आढळेल.

पुढचा वृत्तांत थोडक्यात सांगतो. १८९३ साली टीमान आणि क्र्यूगर या जर्मन शास्त्रज्ञांनी लिंबूगवतातील सिट्रालपासून आयोनोन बनवले आणि व्हायोलेट फुलाचा सुगंध कारखान्यात जन्मला. १९४७ साली स्वित्झर्लंडमध्ये कारखान्यात करता येईल असे जीवनसत्त्व ‘अ’ बनले, त्याचा मार्गही आयोनोनवरूनच गेला. म्हणजे आपल्या चहातल्या पात्याशी नाते सांगणारा पदार्थ औषधाच्या बाटलीपर्यंत पोहोचला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत टर्पेंटाइनपासून जिरॅनिऑल तयार होऊ लागला आणि रानातल्या भट्ट्यांचा कणा मोडला. तथापि कथा तेथे संपली नाही. केरळात ओडक्काली येथे १९५१ साली लिंबूगवताचे संशोधन केंद्र निघाले. सुगंधी व औषधी वनस्पतींसाठी १९५९ साली स्थापन झालेली केंद्रीय संस्था आज लखनौस आहे, आणि तिने रोशाचे नवे वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले आहेत. मार्टिनने बी नेले होते ते याच लखनौला! आता हे तेल ‘पामारोझा’ या नावाने साबणांत आणि अत्तरांत उघडपणे वापरले जाते. गुलाबाचा मुखवटा घालण्याची त्याला गरज उरलेली नाही. मुखवटा गेला, पण नाव अजून परकेच आहे.

गंधी आपल्याला ‘जरा फिरून या’ असे सांगतो, ते इतिहासालाही लागू आहे. पहिल्या वासाला तुर्कस्तान आला, बल्गेरिया आला, गुलाब आला, जिरॅनियम आले. वेळ जाऊ दिला, हलके होते ते उडून गेले, तेव्हा खाली आपल्या सातपुड्याचे गवत निघाले. यापुढे कोणत्याही बाटलीवर ‘पामारोझा’ असे छापलेले वाचाल, तेव्हा त्याला मनातल्या मनात रोशा म्हणा; आणि घरातल्या मुलाबाळांना सांगा की हे गवत नंदुरबारकडच्या डोंगरातले आहे. पिंपळनेरच्या ओढ्याकाठी जागलेल्या त्या अनामिकांचे ऋण याहून अधिक आपण फेडू शकत नाही; परंतु निदान एवढे फेडणे आपल्या हाती आहे.