पुढे एक, मागे दोन

सोलापूर–धुळे महामार्गाने येरमाळा मागे टाकला की तेरखेडा येतं. वाशी तालुक्यातलं हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे ते फटाक्यांच्या कारखान्यांमुळे. तीनचाकी गाडीच्या इतिहासात त्याचं नाव कुणी घेत नाही. तरीही तो इतिहास पुण्याच्या रिक्षा स्टँडऐवजी अशा एखाद्या फाट्यावर उभं राहून सांगितला, तर वेगळा दिसतो. सुरुवात एका नव्या गाडीपासून करू. कॅनडाच्या बीआरपी कंपनीने २०२४ साली ‘कॅन-अ‍ॅम कॅन्यन’ ही तीनचाकी मोटारसायकल पुढे आणली. १३३० सी.सी.चं तीन सिलिंडरांचं इंजिन, ११५ अश्वशक्ती, पुढे दोन चाकं, मागे एक, आणि डांबर सोडून कच्च्या वाटेला लागता यावं अशी बांधणी. या जातीच्या गाड्या चालवणारे काही गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतात. वळणावर ती मोटारसायकलीसारखी कलत नाही, म्हणून अंग बाहेर फेकलं जातं आणि हँडल घट्ट धरून ठेवावं लागतं. थांबल्यावर पाय टेकावा लागत नाही, हे सुख मात्र खरं. खड्डा चुकवायचा तर तीन चाकांच्या तीन वाटा सांभाळाव्या लागतात. दोन चाकं वाचली तरी तिसरं त्यात जातंच. वाशी–कळंब भागात टमटम चालवलेल्या माणसाला यात नवं काही वाटणार नाही.

तीनचाकीची रूढ कहाणी शिडीसारखी मांडली जाते. आधी सायकल, मग मोटारसायकल, मग तीन चाकं आणि पैसा आला की चार. या मांडणीत तीनचाकी म्हणजे अर्धवट राहिलेली मोटार, गरिबीची खूण. ही मांडणी पुराव्याला धरून नाही. गाडीला तीन चाकं का, आणि त्यातलं एकटं चाक पुढे की मागे, हे बहुतेक वेळा दोन गोष्टींनी ठरवलं आहे: ओझं कुठे ठेवायचं, आणि सरकार कोणत्या गाडीवर कर घेतं व कोणतीला परवाना देतं. कारागिराची अक्कल किंवा गिऱ्हाइकाची ऐपत यांचा वाटा त्यानंतरचा.

पहिली मोटार मात्र याला अपवाद. कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी पेटंटसाठी अर्ज केलेली गाडी तीनचाकीच होती, पुढे एक आणि मागे दोन. तिचं कारण निव्वळ तांत्रिक होतं, कारण पुढची दोन चाकं वेगवेगळ्या कोनांत वळवण्याची मनासारखी युक्ती त्याला अजून सापडली नव्हती. पण ती अडचण सुटल्यावरही तीन चाकं गेली नाहीत. इंग्लंडमध्ये मॉर्गनने १९०९ साली मांडणी उलटी केली, दोन चाकं पुढे आणि एक मागे. चारचाकी करणं आवाक्यात असूनही ती गाडी पुढे अनेक वर्षं खपली, त्याचं एक मोठं कारण म्हणजे तिच्यावर मोटारसायकलीच्या दराने कर लागे. जर्मनीत १९२८ पासून चारपेक्षा कमी चाकांच्या, २०० सी.सी.पर्यंतच्या गाड्यांना कर आणि चालक-परवाना दोन्ही माफ झाले, आणि हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीची ‘टेम्पो’ ही मालवाहू तीनचाकी त्या सवलतीवर वाढली. युद्धानंतरच्या इटलीत पियाजिओने कोराडिनो द'अस्कानियोच्या व्हेस्पा स्कूटरला मागे दोन चाकं आणि हौदा जोडून ‘अ‍ॅपे’ काढली. इथे मात्र ओझ्याने निकाल दिला. स्कूटरचं पुढचं अंग जसंच्या तसं ठेवून मागे माल लादायचा, तर रुंदी मागेच हवी.

विडाल आणि पियाजिओ या दोन घराण्यांच्या गाड्या महाराष्ट्रात आल्या आणि इथल्याच झाल्या. नगरचे वकील आणि स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांना ऑटोरिक्षाचं श्रेय दिलं जातं. माणसाने माणूस ओढण्याला पर्याय हवा, ही त्यामागची प्रेरणा होती. बजाजांचं बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४८ पासून दुचाकी-तीनचाकी गाड्या आयात करत होतं, आणि १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळाल्यावर बजाज रिक्षा इथे बनू लागली. आधल्याच वर्षी, १९५८ मध्ये, बजाज टेम्पोची स्थापना झाली आणि विडालची ‘हॅन्सीट’ मुंबईत गोरेगावला तयार होऊ लागली. लायसन्स-परमिटच्या त्या काळात कोणती गाडी रस्त्यावर येणार हे बाजारापेक्षा दिल्लीतल्या फायलीवर जास्त ठरे. तेरखेड्याच्या बाजूने पाहिलं तर हे सगळं परमुलखात चाललं होतं. १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. पुण्याहून नगरला गेली तेव्हा हा भाग निजामाच्या राज्यात होता, आणि मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. जवळची आगगाडी म्हणजे येडशीवरून जाणारी बार्शी लाईट रेल्वे, अडीच फुटी रुळांची, १९११ मध्ये लातूरला पोचलेली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने तिथे इंजिन असो की डबा, प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही असा दंडक घातला आणि हलक्या रुळांवर जड माल वाहून दाखवला. ओझं चाकांवर कसं वाटायचं हा प्रश्न या मुलखात टमटम यायच्या कितीतरी आधी असा विचारला गेला होता. तसा तो खेड्यातल्या सडकेवर कुणी विचारला नाही, आणि तीनचाकीची खरी अडचण तिथूनच सुरू झाली.

गावोगाव पोचली ती शहरातली तीन सिटांची रिक्षा नव्हे, मालाची गाडी. आधी हॅन्सीट, मग नव्वदच्या दशकात बजाज टेम्पोची सहा आसनी मिनिडोर, आणि त्याच दशकाच्या अखेरीस बारामतीत बनू लागलेली डिझेल अ‍ॅपे. एस.टी. दिवसातून दोनदा येणार आणि तीही मुख्य रस्त्याने. फाट्यापासून वाडीपर्यंतचे चार-पाच किलोमीटर कुणाच्याच वेळापत्रकात नव्हते. ते या गाड्यांनी भरून काढले, सीट भरल्याशिवाय न हलण्याच्या अटीवर. येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री पौर्णिमेची यात्रा असो की कळंबचा बाजार, माणसं आणि पोती एकाच हौद्यात. बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेल्या वाटेवर या गाडीची एक खोड उघडी पडते. मागची दोन चाकं चाकोरीत उतरतात आणि पुढचं एकटं चाक मधल्या उंचवट्यावर चढतं, तिथून ते घसरलं की हँडल हाताला हिसका देतं. हॅन्सीटमध्ये तर इंजिन आणि ओढणारं चाक दोन्ही पुढे. चढाला मागे वजन भरलं की पुढचं चाक हलकं पडणार हे ओघानेच आलं. कॅन्यनची जाहिरात ज्याला साहस म्हणते ते बालाघाटाच्या माथ्यावर भाडं घेऊन होत होतं.

इथे एक आक्षेप येतोच, आणि तो खरा आहे: पुढे एक चाक ही मांडणीच उलटण्याची, मग तिचं समर्थन कसलं करता? याचं उत्तर द्यायला थोडी भूमिती लागते. तीन चाकं जिथे टेकतात ते बिंदू जोडले की त्रिकोण होतो, आणि वजनाचा तोल त्या त्रिकोणात आहे तोवर गाडी उभी राहते. रिक्षाचा त्रिकोण पुढे निमुळता. वळणावर ब्रेक दाबला की वजन पुढे आणि बाहेर जातं, म्हणजे नेमकं तिथे, जिथे त्रिकोण सर्वांत अरुंद आहे. पण सोयाबीनची पोती मागच्या आसावर बसलेली असली तर तोल मागे, रुंद भागात राहतो. माल वाहण्यासाठी ही मांडणी चुकीची नव्हतीच. ती धोक्याची झाली पुढच्या सिटेमुळे. चालक मध्ये, डावीकडे एक, उजवीकडे एक, कधी आणखी एक अर्धा बाहेर. हँडल पूर्ण वळवायला चालकाला शेजाऱ्याच्या छातीपाशी कोपर न्यावं लागे. या माणसांचं वजन थेट निमुळत्या टोकाकडे. त्यांना तिथे बसवलं भाड्याच्या हिशोबाने. चालकाच्या गणितात पुढच्या दोन-तीन सिटा म्हणजे हप्त्याचे पैसे. मागच्या सिटांवर डिझेल आणि पोलीस भागत असत. मांडणी मालाच्या ओझ्यासाठी होती, वापर दुसऱ्याच ओझ्यासाठी झाला, आणि या दोन्हींमधली फट परवान्याच्या कागदावर कधी दिसली नाही.

कॅन्यनने पुढे दोन चाकं घेतली म्हणजे जुनी चूक दुरुस्त झाली, असंही म्हणता येत नाही. तिचा त्रिकोण पुढे रुंद आहे, म्हणून वळणावर ब्रेक दाबला तरी ती सावरते. वर इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पहारा देते. पण मागच्या एकट्या चाकावर चार पोती टाकून बघा. ती फक्त माणूस आणि त्याची पिशवी वाहण्यासाठी आहे, म्हणून रुंदी पुढे नेण्याची चैन तिला परवडते. यामाहाची ‘निकेन’ आणि पियाजिओची ‘एमपी ३’ या तर पुढची दोन्ही चाकं घेऊन कलतात, त्यामुळे अंग बाहेर फेकलं जाण्याची तक्रारही उरत नाही. गंमत अशी की ‘एमपी ३’ ज्या पियाजिओची, तीच पियाजिओ बारामतीला अ‍ॅपे करते. दोन्ही मांडण्या एकाच घरात माहीत असताना एकीकडे रुंदी पुढे आणि दुसरीकडे मागे ठेवली गेली.

दुसरा आक्षेप ऐपतीचा. लोकांकडे पैसा असता तर त्यांनी चार चाकंच घेतली असती, असं म्हणणाऱ्यांनी बजाजच्या ‘क्यूट’ची हकीकत पाहावी. जानेवारी २०१२ मध्ये बजाजने रिक्षाला पर्याय म्हणून ती ‘आरई ६०’ या नावाने दाखवली: चार चाकं, दारं, छप्पर, छोटं इंजिन. गाडी तयार होती, पण भारतातल्या मोटार कायद्यात तिला कप्पा नव्हता. ती मोटार म्हणावी तर अपुरी, रिक्षा म्हणावी तर एक चाक जास्त. रिक्षा संघटना आणि प्रतिस्पर्धी कारखानदार दोघांचाही विरोध झाला, वाद कोर्टात गेला, आणि खासगी वापरासाठी ‘क्वाड्रिसायकल’ हा वर्ग कायद्यात बसायला २०१८ उजाडलं. कारखान्याला चौथं चाक कधीच जमलं होतं. त्याच्या कागदपत्रांत सहा वर्षं गेली, आणि त्या सगळ्या काळात आर.टी.ओ.मध्ये अ‍ॅपेचं पासिंग नेहमीसारखं चालू होतं.