विषयाबाहेरचे

सरकारी बैठकीची विषयपत्रिका ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तिच्या शेवटच्या ओळीची ओळख असेलच. मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्यापासून आरंभ होतो, मग क्रमाने एकेक विषय येतो, आणि तळाशी लिहिलेले असते : 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत ही ओळ मला केवळ रिवाजाची वाटे. इतिहास हा माझ्या एम. ए. च्या अभ्यासाचा विषय. विद्वत्सभांचा इतिहास वाचण्याची आवड पुढे नोकरीतही टिकून राहिली. त्या वाचनातून, आणि त्याहून अधिक स्वतःच्या एका चुकीतून, या ओळीचा अर्थ मला उमगला. तोच आज आपल्यापुढे मांडावा असे योजिले आहे.

एखाद्या शास्त्राच्या नावाने चार जाणती माणसे एकत्र आली की त्यांच्यापुढे पहिला प्रश्न येतो तो काय बोलायचे हा. थोड्याच दिवसांत दुसरा प्रश्न उभा राहतो : काय बोलायचे नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर उत्साह देतो. दुसऱ्याचे उत्तर देताना विवेकाची कसोटी लागते. मर्यादा घातली नाही तर सभेचा बाजार होतो, आणि ती चुकीच्या जागी घातली तर ज्ञानच दाराबाहेर राहते. हे कसे घडते याची काही उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण लंडनचे. इंग्लंडमध्ये १६४२ साली राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले होते. त्या धामधुमीत, १६४५ च्या सुमारास, काही वैद्य, गणिती आणि जिज्ञासू गृहस्थ दर आठवड्याला एकत्र जमू लागले. त्यांच्यापैकी जॉन वॉलिस या गणितज्ञाने या बैठकींची हकीकत पुढे लिहून ठेविली आहे. ठरल्या वेळी न येणाऱ्यास दंड होई आणि प्रयोगांच्या खर्चासाठी प्रत्येकाकडून वर्गणी घेतली जाई. चर्चेला विषय कोणते? रक्ताभिसरण, शिरांतील झडपा, कोपर्निकसचे मत, धूमकेतू, गुरूचे उपग्रह, दुर्बिणीची भिंगे घासण्याची कला, हवेचे वजन. आणि वर्ज्य विषय दोनच : धर्म आणि राज्यकारभार.

ही बंदी वरवर चमत्कारिक वाटते. ज्या दिवसांत माणसे धर्मासाठी आणि राज्यासाठी एकमेकांचे प्राण घेत होती, त्या दिवसांत या मंडळींनी नेमके तेच दोन विषय विषयाबाहेरचे ठरविले. हे विषय क्षुद्र होते म्हणून नव्हे. ते फार मोठे होते म्हणून. स्वतः वॉलिसने राजपक्षाची सांकेतिक पत्रे पार्लमेंटसाठी उलगडली होती. त्याचा सहकारी जॉन विल्किन्स याने १६५६ साली क्रॉमवेलच्या बहिणीशी विवाह केला. उलट सर रॉबर्ट मरे हा राजाचा निष्ठावंत. राजेशाही परत आली त्याच वर्षी, २८ नोव्हेंबर १६६० रोजी, ग्रेशम कॉलेजात जी संस्था स्थापन झाली आणि पुढे रॉयल सोसायटी म्हणून जगद्विख्यात झाली, तिच्यात ही परस्परविरोधी पक्षांतील माणसे एकाच मेजाभोवती बसली. कालपर्यंत ज्यांचे पक्ष रणांगणावर समोरासमोर उभे होते, ते आज हवेच्या दाबाविषयी बोलत होते. वर्ज्य विषयांची ती सीमारेषा नसती तर ही सभा पहिल्याच महिन्यात मोडली असती. विषयांतराची बंदी माणसांना जोडूही शकते, हा या उदाहरणाचा बोध.

दुसरे उदाहरण पॅरिसचे. तेथील शास्त्र अकादमीची स्थापना १६६६ सालची. शंभर वर्षांत तिची कीर्ती इतकी वाढली की देशभरातील हौशी संशोधक आपापले शोध परीक्षणासाठी तिच्याकडे पाठवू लागले. त्यांत चार गोष्टींचा पूर लोटला होता : दिलेल्या घनाच्या दुप्पट घन रचणे, कोनाचे तीन समान भाग करणे, वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस काढणे, आणि एकदा चालू केले की कधीच न थांबणारे यंत्र. १७७५ साली अकादमीने ठराव केला की, यापुढे या चार गोष्टींविषयीचे कोणतेही टिपण तपासले जाणार नाही.

या ठरावाची खरी थोरवी त्याला जोडलेल्या कारणांत आहे. अकादमीने दार नुसते लावून घेतले नाही. का लावले हे छापून प्रसिद्ध केले. असली टिपणे तपासण्यात सभासदांचा वेळ व्यर्थ जातो, हे एक कारण. पण दुसरे कारण अधिक हृदयस्पर्शी आहे. वर्तुळाचा चौरस करणाऱ्यास सरकारने मोठे बक्षीस लावले आहे अशी खोटी समजूत लोकांत पसरली होती. तिच्या नादी लागून माणसे कामधंदा सोडीत. कधीच न थांबणाऱ्या यंत्रापायी तर कुटुंबे धुळीला मिळत. अकादमी ही टिपणे स्वीकारीत राहिली तर त्या खोट्या आशेला तिचाच हातभार लागणार होता. म्हणजे ही बंदी वेळ वाचविण्यासाठी होती, तशीच माणसे वाचविण्यासाठीही होती.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. १७७५ साली त्या तीन भौमितिक रचना अशक्य असल्याचे सिद्ध झालेले नव्हते. केवळ पट्टी आणि कंपास वापरून पहिल्या दोन रचना करता येत नाहीत हे वान्ट्झेल याने १८३७ साली दाखविले. वर्तुळाच्या चौरसाचा निकाल लिंडेमन याने १८८२ साली लावला. अकादमीने अनुभवाने जी रेषा ओढली तिला सिद्धतेचा आधार मागाहून मिळाला. तिचा अंदाज खरा ठरला. पण तो चुकला असता तरीही कारणे लिहिलेली असल्यामुळे चूक कोठे झाली हे पुढच्या पिढीला बोट ठेवून दाखविता आले असते.

याच अकादमीच्या इतिहासात दुसऱ्या जातीची एक सीमारेषाही आढळते. ती कोणत्याही ठरावात लिहिलेली नव्हती. १३ सप्टेंबर १७६८ रोजी फ्रान्समधील ल्युसे या गावाजवळ मोठा आवाज होऊन आकाशातून एक दगड पडला. शेतात काम करणाऱ्या माणसांनी तो पाहिला. दगड अकादमीकडे आला. तो तपासणाऱ्या तिघांत लाव्हाझिए होता, ज्याला पुढे आधुनिक रसायनशास्त्राचा जनक म्हणून मान मिळाला. पृथक्करण काळजीपूर्वक झाले. निष्कर्ष मात्र असा निघाला की, हा दगड जमिनीवरचाच असावा आणि त्यावर वीज पडली असावी. दगडाची साक्ष ऐकली गेली. शेतकऱ्यांची ऐकली गेली नाही. आकाशातून दगड पडणे ही अडाण्यांची समजूत, आणि अडाण्यांची समजूत हा शास्त्राचा विषय नव्हे, अशी ती अलिखित रेषा होती. १७९० साली नैर्ऋत्य फ्रान्समध्ये असा दगडांचा वर्षाव झाला आणि शेकडो लोकांनी सह्या करून तसे कळविले, तेव्हाही विद्वानांच्या वाट्याला हसूच आले.

ही रेषा पुसण्याच्या कामी आपल्या देशातील एका दगडाचाही हातभार लागला आहे. १९ डिसेंबर १७९८ रोजी रात्री काशीजवळच्या एका खेड्यात निरभ्र आकाशातून तेजाचा गोळा येऊन दगड पडले. एक दगड तर पहारेकऱ्याच्या झोपडीचे छप्पर फोडून जमिनीत रुतला. तेथील एका इंग्रज गृहस्थाने लोकांच्या जबान्या घेऊन त्या लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविल्या. एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने हा काशीचा दगड आणि इटली, इंग्लंड, बोहेमिया येथे पडलेले दगड एकत्र तपासले आणि १८०२ साली दाखवून दिले की, हजारो मैलांच्या अंतरावर पडलेल्या या दगडांची घडण एकमेकांशी जुळते, त्या सर्वांत निकेल आहे आणि पृथ्वीवरच्या सामान्य खडकांसारखे ते नाहीत. पुढच्याच वर्षी, २६ एप्रिल १८०३ रोजी, फ्रान्समध्ये लेग्ल या गावाच्या परिसरात दोनतीन हजार दगड कोसळले. गृहमंत्र्यांनी झां-बातिस्त बिओ या एकोणतीस वर्षांच्या शास्त्रज्ञाला चौकशीसाठी धाडले. बिओ गावोगाव हिंडला. त्याने सर्व थरांतील माणसांना विचारले, त्यांच्या जबान्या ताडून पाहिल्या, दगड पडलेल्या जागा नकाशावर मांडल्या. त्याचा अहवाल वाचला गेल्यावर हा प्रश्न विषयाबाहेरचा राहिला नाही. शास्त्राची एक नवी शाखाच उघडली. पण ल्युसेपासून लेग्लपर्यंत पस्तीस वर्षे गेली होती.

एकाच संस्थेच्या या दोन रेषा शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली लिहिलेली, कारणे देणारी, अमुक वस्तू तपासणार नाही असे सांगणारी. दुसरी न लिहिलेली, कारण न देणारी, अमुक माणसाचे ऐकणार नाही अशा वृत्तीतून आलेली. पहिलीने कोणाचा अपमान केला नाही. दुसरीने ज्ञानाला पस्तीस वर्षे ताटकळत ठेवले.

तिसरे उदाहरण या दोहोंच्या मधले आहे. १८६६ साली पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने आपल्या घटनेच्या दुसऱ्याच कलमात लिहून टाकले की, भाषेची उत्पत्ती आणि विश्वभाषेची निर्मिती या दोन विषयांवरचे कोणतेही लेखन मंडळ स्वीकारणार नाही. डार्विनचा ग्रंथ १८५९ साली निघाल्यापासून माणसाच्या आरंभाविषयी तर्कवितर्कांना ऊत आला होता. आदिमानव पहिला शब्द कुत्र्याच्या भुंकण्यावरून शिकला की दुःखाच्या उद्गारावरून, यावर हिरिरीने वाद चालत; आणि पुरावा तर कोणाजवळच नव्हता. मंडळाचा निर्णय त्या काळापुरता शहाणपणाचा होता. ज्या भाषा डोळ्यांसमोर होत्या, त्यांच्या तुलनेचे मोठे काम मंडळाच्या आश्रयाने झाले. पुढे आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया घालणारा सोस्यूर तरुणपणी याच मंडळात वावरला.

परंतु बंदी घालताना ती कधी उठवावी याचा विचार सहसा कोणी करीत नाही. कलमाची शाई वाळून गेली तरी त्याची दहशत उरली. भाषेच्या उत्पत्तीविषयी बोलणारा अभ्यासक हा गंभीर अभ्यासक नव्हे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ राहिली. तेवढ्या अवधीत मेंदूच्या रचनेविषयी, वानरांच्या वर्तनाविषयी आणि आदिमानवाच्या अवशेषांविषयी नवा पुरावा साचत गेला होता. अखेर १९७५ साली न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ सायन्सेसने याच विषयावर मोठी परिषद भरविली. १८६६ च्या कलमाला तेव्हा १०९ वर्षे झाली होती. पुरावा नाही म्हणून विषय बाजूला ठेवणे योग्यच. पण पुरावा आल्यावर तो पुन्हा मेजावर घेण्याची जबाबदारीही बाजूला ठेवणाऱ्याचीच असते.

या सर्व कथांवरून मला असे वाटते की, मर्यादा घालणे हा दोष नव्हे. मर्यादेशिवाय कोणतेही शास्त्रीय मंडळ टिकत नाही. पण तिला तीन अटी असाव्यात. ती लिहिलेली असावी. तिचे कारण सांगितलेले असावे. आणि ती विषयाला लागू असावी, बोलणाऱ्याच्या पायरीला नव्हे.

आता माझ्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या ठिकाणी हातपंपांच्या दुरुस्तीचा आढावा घेण्याचे काम माझ्याकडे होते. नादुरुस्त पंप किती, सुटे भाग किती, खर्च किती, एवढेच बैठकीचे विषय. अखेरीस एक वयस्कर ग्रामसेवक उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, आमच्या गावातल्या पोरांचे दात पिवळे पडतात. पंपाचं पाणी प्यायला लागल्यापासून."

मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "भाऊसाहेब, हा आरोग्य खात्याचा विषय आहे. पंपाचं काही असेल तर सांगा."

"बरं साहेब," म्हणून ते खाली बसले. इतिवृत्तात त्यांचे वाक्य आले नाही.

त्या गावाचे पंप आम्ही मुदतीत दुरुस्त केले. दीड वर्षाने दुसऱ्याच काही कारणाने तेथील पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत गेले आणि त्यांत फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेबाहेर निघाले. असे पाणी लहानपणी वर्षानुवर्षे पोटात गेले की दातांवर कायमचे डाग पडतात. अधिक काळ गेले तर हाडेही ताठरतात. तेच पाणी गावाला अखंड मिळत राहील अशी तजवीज आम्ही मोठ्या तत्परतेने केली होती. ल्युसेच्या शेतकऱ्यांची हकीकत मी त्या बैठकीच्या कितीतरी आधी वाचलेली होती. वाचन मात्र ऐनवेळी उपयोगी पडले नव्हते.

तेव्हापासून माझ्या बैठकींत विषयपत्रिकेची शेवटची ओळ मी मोठ्याने वाचून दाखवितो आणि थोडा वेळ थांबतो. जे विषयाबाहेरचे निघेल ते वहीच्या वेगळ्या पानावर लिहून घेतो : कोणी सांगितले, काय सांगितले, कोणत्या खात्याकडे पाठविले. पुष्कळदा त्यातून काही निष्पन्न होत नाही. त्या पानावर पहिले नाव ज्या ग्रामसेवकांचे यावयास हवे होते, ते मात्र तोवर सेवानिवृत्त होऊन गेले होते.