वसतिगृहातले साने गुरुजी

मैत्रिणींनो, ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ साली आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिली, हे तुम्ही ऐकलं असेल. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं.

१९२४ ते १९३० गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. शाळेचं वसतिगृहही सांभाळायचे. आईबापांपासून लांब राहणारी पोरं ती. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडायचे, कपडे धुऊन ठेवायचे, आजारी मुलाच्या उशाशी बसायचे. मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढायचे. समुपदेशक वगैरे तेव्हा कुठले! मन मोकळं करायचं तर गुरुजींपाशीच.

पुढचं मात्र आपण मुलांना सांगत नाही. गांधीजींच्या हत्येनंतर गुरुजी आतून खचले, २१ दिवस उपोषण केलं. ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. इतक्या पोरांचं मन जपणाऱ्याचं मन कोण जपत होतं, हे कोडं मला अजून सुटत नाही.

२०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा आहे. नंबर १४४१६. फुकट आहे, रात्रंदिवस चालू असते, मराठीत बोलता येतं. पोरांच्या वहीवर लिहून द्या. शाळेतल्या बाईंनाही द्या.