खेळांतील पायऱ्या आणि बक्षिसें

घरांतील तरुण मुलगा संगणकापुढें बसून 'आज माझी एक पायरी वाढली' असें आनंदानें सांगतो, तेव्हां वडील मंडळींना त्याचा अर्थ लागत नाहीं. ही पायरी कोण देतें आणि कशाबद्दल, हा प्रश्न मात्र पोरकट नाहीं. गेल्या पन्नास वर्षांत खेळांच्या कर्त्यांनीं त्याचीं निरनिराळीं उत्तरें दिलीं, आणि दरेक उत्तराबरोबर खेळणारांची वागणूक पालटली.

१९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोंवतीं बसून खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला. खेळणारा एखादा काल्पनिक वीर किंवा मांत्रिक होई. त्याला अनुभवाचे गुण मिळत, आणि ठराविक गुण झाले कीं तो पायरी चढे. गंमत अशी कीं, राक्षसाला मारण्यापेक्षां त्याचें सोनें सुखरूप बाहेर आणल्याबद्दलच गुण अधिक मिळत. साहजिकच शहाणे खेळाडू लढाई टाळून खजिना लांबवीत. १९८९ च्या आवृत्तींत सोन्याचे हे गुण ऐच्छिक ठरले.

संगणकावर ही पद्धत लौकरच आली. १९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रुबशॉ व रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनीं 'मड' नांवाचा खेळ रचण्यास आरंभ केला. त्यांत अनेक जण एकाच वेळीं वावरूं शकत. सांपडलेला खजिना दलदलींत टाकला कीं गुण मिळत, आणि सर्वांत वरची पायरी गांठणारा 'विझर्ड' होऊन इतरांवर अधिकार चालवी. जन्मावरून माणसाची जागा ठरविणाऱ्या समाजाला हें उत्तर होतें, असें बार्टल यांनीं पुढें सांगितलें आहे. येथें ज्यानें त्यानें आपल्या कर्तबगारीनें वर चढावें!

१९९७ च्या 'अल्टिमा ऑनलाईन'नें पायऱ्याच काढून टाकल्या. जो लोहारकाम करी त्याचें लोहारकाम सुधारे. सर्व कौशल्यांची बेरीज ७०० च्या पलीकडे जात नसे, म्हणून काय शिकावें याची निवड करावी लागे. मला ही कल्पना फार आवडते; पण लोकांनीं तिचीहि वाट लावली. तीच क्रिया आपोआप पुनःपुन्हां होत राहील अशी सोय करून ते खुशाल झोपीं जात! अर्थ न कळतां पाढे घोकणारीं मुलें ज्यानें पाहिलीं आहेत त्याला याचें नवल वाटणार नाहीं.

१९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'मध्यें मरण आलें कीं मिळविलेले गुण कमी होत. एका श्वापदाचें फळ एकाच टोळीला मिळे, त्यामुळें दुसऱ्याची शिकार पळविणें हें भांडणाचें नेहमींचें कारण झालें.

२००४ च्या नोव्हेंबरांत 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला. त्यांत गांवोगांवचे रहिवासी कामगिऱ्या सांगत, आणि त्या पुऱ्या केल्या कीं गुण, नाणीं व शस्त्रें मिळत. त्याच्या चांचणीच्या वेळीं, फार वेळ सतत खेळणाराचे गुण निम्मे करण्याची योजना होती. त्यानें थोडी विश्रांति घ्यावी हा सद्धेतु. खेळाडू खवळले. कर्त्यांनीं आंकडे तेच ठेवले, नांवें मात्र बदललीं: जे पूर्वीं पुरे गुण होते त्यांस विश्रांतीबद्दलचे दुप्पट गुण म्हटलें, आणि जे निम्मे होते तेच साधे गुण ठरले. ओरड थांबली.

याच खेळांत बक्षिसांचें दुसरें एक दुखणें दिसून आलें. चाळीस जणांनीं मिळून, रात्रीच्या रात्री जागून जिंकलेलीं शस्त्रें २००७ च्या जानेवारींत नवा प्रदेश उघडतांच फिकीं पडूं लागलीं. तेथल्या किरकोळ कामगिऱ्यांचीं बक्षिसें त्यांच्या तोडीचीं, पुष्कळदां सरसहि होतीं. अंतिम पायरी ६० वरून ७० वर गेली, आणि २००८ सालीं ८० वर. हें मला अन्यायाचें वाटतें. शस्त्रें काल्पनिक असलीं तरी जागलेल्या रात्री खऱ्या होत्या.

२०१२ च्या 'गिल्ड वॉर्स २' नें निराळा विचार केला. शिकारींत ज्यानें ज्यानें पुरेसा हातभार लावला, त्याला त्याला पूर्ण बक्षीस. खाणींतील धातु एकानें काढला म्हणून दुसऱ्याचा संपत नाहीं. वरच्या पायरीचा खेळाडू खालच्या प्रांतांत आला कीं त्याचें बळ त्या प्रांताच्या मानानें उतरतें, आणि जुना मित्र नवख्याबरोबर खेळूं शकतो. वाटेंत परका दिसला तर शिकार जाईल अशी धास्ती वाटत नाहीं. मदत आली असें वाटतें. पायऱ्या येथेंहि ८० आहेत, पण पुढें कितीहि नवे प्रदेश आले तरी त्यांची संख्या वाढविलेली नाहीं.