क्लोआका मॅक्सिमा

प्राचीन रोममधील मुख्य भुयारी नाला. या लॅटिन नावाचा अर्थ ‘सर्वांत मोठे गटार’ असा असला, तरी त्याचे मूळ प्रयोजन सांडपाण्याचे नव्हते. कॅपिटोलाइन, पॅलाटाइन इ. टेकड्यांवरून उतरणारे पावसाचे पाणी व त्यांच्यामधील खोलगट भागात साचणारी दलदल टायबर नदीत सोडण्यासाठी तो खणण्यात आला. परंपरेनुसार त्याचे श्रेय टार्क्विन घराण्यातील राजांना (इ. स. पू. सहावे शतक) दिले जाते. ही दलदल हटल्यावरच फोरमची जागा सभा व बाजार यांसाठी वापरता आली. आरंभीचा उघडा प्रवाह पुढे टप्प्याटप्प्याने दगडी कमानींनी झाकला गेला. काही भागांत त्याची उंची ४ मी.हून अधिक आहे.

इ. स. पू. ३३ मध्ये अग्रिपाने शहरातील नाले साफ करविले आणि होडीत बसून भुयारी मार्गाने टायबरपर्यंत प्रवास केला. थोरल्या प्लिनीने (इ. स. २३–७९) रोमच्या गटारांच्या भक्कमपणाची प्रशंसा केली आहे. नदी कधीकधी उलटी आत शिरते, दोन प्रवाह भुयारात एकमेकांवर आदळतात, तरीही बांधकाम ढळत नाही, असे तो सांगतो. प्रशंसेच्या भरात प्लिनीने या रचनेतील मुख्य दोषही नोंदवून ठेवला, असे म्हणावयास हरकत नाही. बांधकाम टिके, परंतु नदीची पातळी मुखाच्या वर चढली की, पाणी बाहेर नेणारा हाच मार्ग पुराला शहरात आणी. मुख बंद करावे, तर टेकड्यांवरचे पावसाचे पाणी आत तुंबे. हा पेच पुढे अठरा शतके सुटला नाही.

२८ डिसेंबर १८७० रोजी रीपेत्ता येथील मापकावर टायबरची पातळी १७·२२ मी. झाली व शहराचा सखल भाग पाण्याखाली गेला. रोम इटलीच्या राज्यात सामील होऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. १८७१ च्या आरंभी चौकशीसाठी आयोग नेमण्यात आला. नदीचा प्रवाहच शहराबाहेरून वळवावा, असा आग्रह गॅरिबॉल्डीने (१८०७–८२) १८७५ मध्ये धरला. तथापि राफाएले कानेव्हारी या अभियंत्याची योजना स्वीकारली गेली. तीनुसार पात्र सु. १०० मी. रुंद करून दोन्ही तीरांवर उंच तटभिंती व त्यांच्यालगत नदीला समांतर संकलक नाले बांधावयाचे होते. जुन्या नाल्यांचे पाणी थेट नदीत न सोडता या संकलकांतून शहराच्या खालच्या अंगास नेले जाई. तेथे नदीची पूरपातळी शहरातील पातळीपेक्षा कमी असल्याने पाण्याला उतार मिळे. क्लोआका मॅक्सिमाही डाव्या तीरावरील संकलकास जोडण्यात आला. जुने भुयार मोडावे लागले नाही. केवळ त्याचा शेवट बदलला.

नदीकाठच्या इतर वास्तूंच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. १७०४ मध्ये बांधलेला रीपेत्ताचा देखणा घाट तटभिंतीच्या कामात नष्ट झाला. पोन्ते चेस्तियो हा प्राचीन पूल उतरवून १८८८–९२ मध्ये लांबवून पुन्हा बांधला गेला, तर पोन्ते रोत्तोच्या उरलेल्या कमानींपैकी एकच आता शिल्लक आहे. शहर आणि नदी यांचा घाटांवरून चालणारा नित्याचा संबंधही तुटला. पुराच्या भयापुढे त्या काळी याचा फारसा विचार झालेला दिसत नाही.

१८७६ मध्ये सुरू झालेले तटभिंतींचे काम १९२६ पर्यंत चालले. त्यातील काही भाग डिसेंबर १९०० च्या पुरात कोसळला होता. डिसेंबर १९३७ मध्ये रीपेत्ता येथे पातळी १६·८४ मी.पर्यंत चढली, पण १८७० ची आपत्ती शहराच्या मध्यभागात पुन्हा ओढवली नाही. फोरमच्या परिसरातील पावसाचे पाणी अजूनही क्लोआका मॅक्सिमामधूनच वाहून जाते. त्याचे जुने मुख पालातीनो पुलाजवळच्या तटभिंतीत कमान ठेवून जपलेले असून नदीच्या पलीकडच्या तीरावरून ते दिसते.